वाळवंटातले शिकारी प्राणी भक्ष्य निवडतात, की मिळेल ते खातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळवंटी प्रदेशातल्या खोकडांच्या, रानमांजरांच्या आणि लांडग्यांच्या विष्ठेत उंदरांच्या केसांपासून भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांपर्यंत आणि पालींच्या खवल्यांपासून रानफळांच्या बियांपर्यंत सर्व काही सापडते. तेव्हा हे प्राणी भक्ष्य निवडतात असे म्हणता येते का, की टंचाईमुळे समोर येईल ते खाण्यावाचून त्यांना गत्यंतरच नसते? आणि निवड होत असेल, तर ती विष्ठेच्या नमुन्यांवरून दाखवायची कशी?

माझ्या मते निवड होते, आणि खाद्याची यादी लांब असणे हा त्याविरुद्धचा पुरावा नव्हे. आहार म्हणजे प्राण्याने प्रत्यक्षात काय खाल्ले. निवड म्हणजे परिसरात जे उपलब्ध होते त्याच्या तुलनेत त्याने काय जास्त आणि काय कमी खाल्ले. त्यामुळे केवळ विष्ठा तपासून निवडीबद्दल काहीही सांगता येत नाही. त्याच काळात, त्याच परिसरात भक्ष्यप्राण्यांची गणना झालेली असावी लागते. वाळवंटातल्या आहारावरील पुष्कळशा कामांत पहिली बाजू भक्कम असते आणि दुसरी बाजू अंदाजावर उभी असते, आणि 'मिळेल ते खाणारा' हे बिरुद बहुतेक वेळा या उणिवेतून आलेले असते.

दोन्ही बाजू हाताशी असल्या की चित्र किती बदलते, हे मंगोलियातल्या दक्षिण गोबीमधील तोस्त पर्वतरांगेच्या उदाहरणावरून दिसते. तिथे जीपीएस पट्टे लावलेल्या हिमबिबट्यांनी केलेल्या शिकारींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकारींपैकी सुमारे ७३ टक्के वन्य खुरी प्राणी होते, त्यातही आयबेक्स हे रानबोकड सर्वांत जास्त, आणि सुमारे २७ टक्के पाळीव जनावरे होती. नुसते २७ टक्के वाचले की हिमबिबट्या गुरांना चटावला आहे असे वाटते. परंतु त्या भागात पाळीव जनावरांची संख्या वन्य खुरी प्राण्यांच्या किमान दहापट होती. उपलब्ध भक्ष्यात पाळीव जनावरांचा वाटा ९० टक्के धरून, भक्ष्य उपलब्धतेच्या मानाने जास्त खाल्ले की कमी हे सांगणारा जेकब्सचा निर्देशांक काढला, तर तो उणे ०.९२ च्या आसपास येतो. हा निर्देशांक उणे १ पासून अधिक १ पर्यंत असतो आणि उणे १ म्हणजे भक्ष्य पूर्णपणे टाळणे. म्हणजे डोळ्यांसमोर सतत वावरणारे, संख्येने प्रचंड असलेले भक्ष्य हा प्राणी बव्हंशी सोडून देतो आणि दुर्मीळ, कड्यांवर राहणारे भक्ष्य शोधतो. अर्थात माणूस आणि राखणीची कुत्री यांच्या धास्तीचाही यात वाटा असणार. पण धोका टाळणे हादेखील निवडीचाच भाग आहे.

मग यादी लांब का होते? याचे उत्तर १९६६ मध्ये मॅकआर्थर आणि पियांका यांनी मांडलेल्या विचारात आहे. शिकाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक भक्ष्याचा एक भाव असतो: ते पकडायला, मारायला आणि खायला लागणारा वेळ व श्रम यांच्या तुलनेत मिळणारी ऊर्जा. या विचारातून निघणारा निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. दुय्यम प्रतीचे भक्ष्य यादीत यावे की नाही, हे त्या दुय्यम भक्ष्याच्या संख्येवर अवलंबून नसते. ते उत्तम भक्ष्य किती वेळाने भेटते यावर ठरते. सशांची रेलचेल असताना टोळ कितीही असले तरी त्यांच्यामागे धावणे तोट्याचे. ससे विरळ झाले, की तेच टोळ, त्यांची संख्या तसूभरही न वाढता, यादीत येतात. वाळवंटात उत्तम भक्ष्य विरळ असण्याचा काळ मोठा असतो, म्हणून यादी लांब होते. ती लांब होणे हा निवडीच्या नियमाचाच परिणाम आहे.

याला वाळवंटातल्या पावसाच्या स्वभावाची जोड द्यावी लागते. तिथले उत्पादन संथ प्रवाहासारखे चालत नाही, ते झटक्यांनी येते. एखाद्या वर्षी भरपूर पाऊस होतो, गवताचे बी पिकते, काही महिन्यांत उंदीरवर्गीय प्राण्यांची संख्या अनेक पटींनी वाढते आणि पुढच्या दुष्काळात ती कोसळते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या डिंगो या रानकुत्र्यांच्या आहारावर कॉर्बेट आणि न्यूसम यांनी केलेले काम १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ही साखळी फार सुंदर दिसते. ओल्या काळात डिंगो उंदरांसारख्या लहान भक्ष्यावर, नंतर सशांवर, आणि दुष्काळ तीव्र झाल्यावर लाल कांगारू व मेलेल्या गुरांच्या सांगाड्यांवर वळतो. भक्ष्याचा आकार पायरीपायरीने वाढत जातो. दुष्काळात मोठे भक्ष्य सोपे होते, कारण उपासमारीने ते अशक्त झालेले असते आणि उरलेल्या पाणवठ्यांभोवती गोळा होते. ओल्या वर्षातले नमुने पाहणारा डिंगोला उंदीरखाऊ म्हणेल आणि कोरड्या वर्षातले पाहणारा मृतभक्षक म्हणेल. दोघांचेही आकडे बरोबर असतील.

आता पाण्याकडे वळतो. वाळवंटी शिकाऱ्यांच्या आहाराची चर्चा बहुधा ऊर्जेच्या हिशेबात अडकते, आणि पाण्याचा हिशेब परिशिष्टात जातो. माझा अनुभव असा आहे, की अनेक कोडी पाण्याचा हिशेब मांडल्याशिवाय सुटत नाहीत. ताज्या मांसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे मांसाहारी प्राण्याला पाणवठ्याशिवाय जगणे धान्यभक्षी प्राण्यापेक्षा सोपे असावे असे वरकरणी वाटते. परंतु मांस म्हणजे प्रथिने, आणि प्रथिनांच्या पचनातून तयार होणारा युरिया मूत्रावाटे बाहेर टाकायला पाणी खर्ची पडते. शिवाय शिकारीसाठी धावताना धापा टाकून शरीर थंड करावे लागते, तिथेही पाणी जाते. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातल्या किट खोकडाबाबत गोलाइटली आणि ओमार्ट यांनी १९८४ मध्ये मांडलेले आकडे या बाबतीत बोलके आहेत: ऊर्जेसाठी त्याला दिवसाला सुमारे १०१ ग्रॅम भक्ष्य पुरते, पण पाणी न पिता शरीरातील पाण्याचा ताळेबंद जुळवायचा असेल तर सुमारे १७५ ग्रॅम लागते. म्हणजे हा प्राणी भुकेपेक्षा तहानेसाठी अधिक शिकार करतो. असा प्राणी ज्या भक्ष्यात पाणी जास्त त्याला झुकते माप देणार, हे ओघानेच आले. एखादा शिकारी पोट भरण्याइतके मिळूनही शिकार करत राहिला, तर त्याला हावरट ठरवण्याआधी जवळचा पाणवठा किती दूर आहे ते पाहावे.

पाण्यावाचून केवळ मांसावर जगता येते हे ऑस्ट्रेलियातल्या मलगारा या छोट्या शिशुधानी (कांगारूच्या गटातल्या) शिकाऱ्यावर श्मिट-नील्सन आणि न्यूसम यांनी १९६२ मध्ये केलेल्या प्रयोगांतून दिसले होते (हे न्यूसम म्हणजे डिंगोंवर काम करणारेच). मलगाराचे मूत्रपिंड अतिशय संहत मूत्र तयार करते, म्हणून त्याला हे साधते. सहारातल्या फेनेक खोकडाचीही हीच तऱ्हा आहे: जेमतेम १ ते १.५ किलो वजनाचा हा प्राणी कीटक, उंदीर, पाली, अंडी, मुळे आणि फळे यांतून पाणी मिळवतो आणि दिवसभर बिळात राहून ते वाचवतो.

ज्यांचे मूत्रपिंड इतके कार्यक्षम नाही किंवा ज्यांना दूर भटकावे लागते, ते वनस्पतींकडे वळतात. दक्षिण कालाहारीतले तपकिरी तरस हे याचे उत्तम उदाहरण. गस मिल्स यांच्या दीर्घ अभ्यासातून असे दिसले, की हे तरस मुख्यतः मृतभक्षक आहेत, स्वतः केलेल्या शिकारीचा वाटा फारच थोडा असतो, आणि कोरड्या काळात ते त्सामा नावाची रानकलिंगडे मोठ्या प्रमाणात खातात. या फळांतून मिळणारी ऊर्जा नगण्य असते. आहाराच्या तक्त्यात 'वनस्पती' असा एक स्तंभ करून त्याची ऊर्जा मोजली, तर हे वर्तन निरर्थक भासेल. पाण्याचा स्तंभ केला, की अर्थ लागतो. विष्ठेतल्या बियांना 'इतर' या सदरात ढकलून देण्याची सवय त्यामुळेच मला पटत नाही.

भक्ष्याच्या आकाराचा मुद्दा तुलनेने सरळ आहे. कार्बोन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की साधारण २१.५ किलोपेक्षा जड मांसाहारी प्राणी आपल्या वजनाच्या जवळपास निम्म्या किंवा त्याहून मोठ्या भक्ष्याकडे वळतात, कारण कीटक व उंदरांवर एवढे मोठे शरीर पोसणे ऊर्जेच्या दृष्टीने परवडत नाही. त्याखालचे प्राणी मात्र स्वतःहून बऱ्याच लहान भक्ष्यावर जगू शकतात. वाळवंटात मोठे भक्ष्य विरळ असल्यामुळे तिथली शिकाऱ्यांची फौज या सीमेच्या खाली दाटलेली दिसते: खोकडे, कोल्हे, रानमांजरे, शशकर्ण (कॅराकल), वाळवंटी मांजर. लहान शिकाऱ्याला मात्र संख्येने खूप शिकार करावी लागते. दक्षिण आफ्रिकेच्या अर्धशुष्क प्रदेशातले काळ्या पायांचे मांजर एका रात्रीत १० ते १४ उंदीर किंवा लहान पक्षी मारते.

एकाच भक्ष्यावर विसंबणारे विशेषज्ञ वाळवंटात टिकणार नाहीत, असे वरच्या विवेचनावरून वाटेल. पण ते टिकतात. अट एवढीच, की ते भक्ष्य बारमाही असावे आणि इतरांना नकोसे असावे. आफ्रिकेतला आर्डवुल्फ हा तरसाच्या कुळातला प्राणी ट्रायनर्व्हिटर्मिस या वाळवीवर जगतो. या वाळवीचे सैनिक तिखट रासायनिक द्रव फवारतात, त्यामुळे तिच्या वाटेला फारसे कोणी जात नाही. आर्डवुल्फ तो मारा सहन करतो आणि एका रात्रीत अडीच ते तीन लाख वाळव्या चाटून फस्त करतो. सोनोरन वाळवंटात हाच डाव टोळउंदीर विंचवांच्या बाबतीत खेळतो. तिथल्या बार्क विंचवाचा दंश अत्यंत वेदनादायक असतो, परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या उंदराच्या चेतापेशींमधील एक सोडियम मार्गिका (संदेश वाहण्यासाठी सोडियम आत घेणारे प्रथिनाचे दार) अशी बदललेली आहे, की विंचवाचे विष तिला चिकटून वेदनेचा संदेशच थांबवते. कालाहारीतल्या मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या प्राण्यांना हे जन्मजात येत नाही, ते शिकावे लागते: मोठी मीरकॅट पिल्लांना आधी मेलेला, मग नांगी काढलेला आणि शेवटी धडधाकट विंचू देतात. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. विंचू हे वाळवंटात मुबलक, पाणीदार आणि वर्षभर मिळणारे अन्न आहे. त्याचा 'भाव' खाली ठेवतो तो केवळ दंश, आणि तो अडथळा ज्याने पार केला त्याच्यासाठी हेच भक्ष्य यादीच्या वर जाते.

विंचू स्वतःही शिकारी आहेत हे सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांना विसरायला होते. कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात गॅरी पोलिस यांनी केलेल्या कामातून असे दिसले, की वाळूतला विंचू लहानपणी एक आणि मोठेपणी दुसरेच भक्ष्य खातो, प्रतिस्पर्धी कोळ्यांना खातो, आणि स्वतःच्या जातीची पिल्लेही खातो. वाळवंटी अन्नजाळे साध्या, सरळ साखळ्यांचे असते या समजुतीवर त्यांनी १९९१ मध्ये सडकून टीका केली. जातीगणिक एकच आहार मांडण्याच्या पद्धतीलाही ती टीका लागू पडते. कालाहारीतल्या चित्त्यांमध्ये एकट्या माद्या स्टीनबॉकसारख्या लहान हरिणांवर भर देतात, तर नरांच्या टोळ्या त्याहून मोठ्या प्राण्यांना हात घालतात. नामिबियाच्या स्केलेटन कोस्टवरील मोजक्या सिंहिणी तर पाणकावळे, रोहित पक्षी आणि सील खाऊ लागल्या. फिलिप स्टँडर यांनी २०१९ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. अशा ठिकाणी 'सिंहाचा आहार' असा सरासरी आकडा काढला, तर तो एकाही सिंहाला लागू होत नाही.

उपलब्धतेबाबत आणखी एक सावधगिरी हवी. परिसरात किती भक्ष्य आहे आणि त्यातले किती हाती लागण्याजोगे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटात कोटलर, ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी जर्बिल उंदरांवर केलेले प्रयोग मला या विषयातले सर्वांत शिकवणारे काम वाटते. मोठ्या जाळीदार आवारांत उंदरांसाठी वाळूत मिसळलेले बी ठेवायचे आणि रात्रीनंतर त्यांनी किती बी न खाता सोडून दिले ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. धोका जितका जास्त, तितके जास्त बी मागे राहते. चांदण्या रात्री उंदीर कमी बाहेर पडले. घुबड असताना ते उघड्यावरून झुडपांखाली सरकले. पण झुडपांखाली वाळूत शृंगी साप दबा धरून बसतात. म्हणजे घुबडाने उंदीर सापाच्या तोंडी दिला, आणि साप असल्याने उंदीर उघड्यावर आला तर तो घुबडाच्या. सापळे लावून मोजलेली उंदरांची संख्या दोन्ही शिकाऱ्यांसाठी सारखीच असते, तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारे उंदीर दुसऱ्याच्या उपस्थितीवर ठरतात. म्हणून गणनेच्या रात्रींची चंद्रकला नोंदवलेली नसेल, तर उपलब्धतेच्या आकड्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

आता विष्ठेच्या नमुन्यांकडे. केसाच्या बाह्य खवल्यांचा ठसा आणि गाभ्याची रचना पाहून भक्ष्य ओळखता येते, ती पद्धत आजही उपयुक्त आहे. चूक होते ती पुढच्या हिशेबात. समजा, लांडग्याच्या विष्ठेच्या २० नमुन्यांत चिंकाऱ्याचे आणि २० नमुन्यांत सशाचे केस मिळाले. वारंवारता समान आहे, म्हणून दोन्ही भक्ष्ये समान महत्त्वाची असे लिहून टाकण्याचा मोह होतो. परंतु लहान भक्ष्यात मांसाच्या मानाने केस व हाडे जास्त असतात, त्यामुळे किलोमागे विष्ठाही जास्त पडते. अकरमन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्यूमा या अमेरिकेतल्या मोठ्या मांजरासाठी एक समीकरण दिले: एका नमुन्यामागे खाल्लेले भक्ष्य, किलोमध्ये = १.९८ + ०.०३५ × भक्ष्याचे वजन. २० किलोच्या चिंकाऱ्यासाठी हे २.६८ किलो येते, म्हणजे २० नमुन्यांमागे सुमारे ५४ किलो. अडीच किलोच्या सशासाठी २.०७ किलो, म्हणजे सुमारे ४१ किलो. वजनात चिंकारा पुढे गेला. प्राण्यांची संख्या काढली, तर तेच ५४ किलो म्हणजे तीनाहून कमी चिंकारे आणि ४१ किलो म्हणजे सोळा-सतरा ससे. एकाच ४० नमुन्यांतून तीन वेगळी उत्तरे निघाली. लांडग्याच्या पोषणाचा प्रश्न असेल तर वजन पाहावे, सशांच्या संख्येवर होणाऱ्या परिणामाचा असेल तर संख्या पाहावी. समीकरणही त्या त्या शिकाऱ्यासाठी आहार-चाचणीतून काढलेले वापरावे. प्यूमाचे समीकरण इथे केवळ हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहे, आणि ते दोन किलोहून लहान भक्ष्याला तर लावूच नये.

वाळवंटाच्या खास अडचणी वेगळ्या आहेत. कोरड्या हवेत विष्ठा महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे एका फेरीत गोळा केलेल्या नमुन्यांत दोन-तीन ऋतू मिसळलेले असू शकतात. यासाठी आधी मार्ग साफ करून नंतर ठरावीक अंतराने फक्त नवे नमुने उचलावेत. कडक उन्हात डीएनए लवकर खराब होतो, म्हणून जनुकीय तपासणीसाठी सावलीतले, ताजे नमुने घ्यावेत. खोकड आणि रानमांजर यांची विष्ठा केवळ आकारावरून वेगळी करणे धोक्याचे आहे. भुंगेऱ्यांचे कवच पचत नाही, त्यामुळे कीटकांचा वाटा फुगतो. अळ्या आणि सांगाड्यावरचे निव्वळ मांस काहीच खूण न ठेवता निघून जाते. पालीच्या पोटातला भुंगेरा खोकडाच्या विष्ठेत आला, तर तो खोकडाने खाल्ला असे म्हणता येत नाही. जीपीएस पट्ट्यांच्या साहाय्याने शिकारीच्या जागा शोधल्या, तर चूक उलट्या बाजूला होते: मोठे भक्ष्य खात शिकारी तासन्‌तास थांबतो म्हणून ते सापडते, उंदीर दोन घासांत संपतो आणि त्याची नोंदच होत नाही. दोन्ही पद्धती एकत्र वापरता आल्या तर उत्तम. शिकाऱ्याच्या केसांतल्या कार्बन व नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) जाती ओळखता येत नाहीत, पण समुद्रातले अन्न आणि जमिनीवरचे अन्न यांचा वाटा चांगला कळतो, आणि किनारी वाळवंटात त्याचा फार उपयोग होतो.

हे सगळे कशासाठी, तर भक्ष्य बदलले की परिणाम तिसऱ्याच प्राण्यावर होतो. १९९५ मध्ये सशांचा रक्तस्रावी विषाणू ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर पसरला आणि शुष्क भागातले ससे झपाट्याने घटले. त्यांच्यावर पोसलेली परकीय खोकडे आणि मांजरे मग स्थानिक लहान सस्तन प्राण्यांचा फडशा पाडतील अशी धास्ती होती. पुढे दिसले ते असे, की सशांच्या पाठोपाठ या शिकाऱ्यांचीही संख्या घटली आणि काही दुर्मीळ उंदीर व लहान शिशुधानी आपल्या जुन्या प्रदेशात पुन्हा पसरले. अशा वेळी उपयोगी पडतात ते बदलाच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही काळांतले नमुने. म्हणून प्रत्येक नमुन्यावर तारखेबरोबर मागच्या बारा महिन्यांतला पाऊसही लिहून ठेवावा.